तोच कोन

कायतान फुर्ताद, हळदोणे, वय एकेचाळीस.
वरचा पुढचा दात, उजवीकडचा.
लहानपणी फेरीबोटीच्या साखळीवर आपटला होता,
दात राहिला, आतला जीव गेला,
आणि कुणाला काही न सांगता तीस वर्षं
ट्रम्पेटचा भार पेलत राहिला
फेस्ताला, लग्नाला, मयताला.

डॉक्टर कुंकळ्येकरांनी मूळ धुतलं, भरलं, बंद केलं.
माझं काम त्यानंतरचं.
म्हापशाच्या बाजारावरच्या मजल्यावर,
जिथे शुक्रवारी सुक्या बांगड्यांचा वास
जिना चढून रांगेत येऊन बसतो,
मी हाडांची छायाचित्रं काढते.

पहिल्या चित्रात मुळाच्या टोकाशी काळोख.
वालाच्या दाण्याएवढा.
"बाय, हें काळें कितें?"
म्हटलं, तिथे काही नाही, म्हणून काळं.
तो हसला. त्याच्या बापाविषयी
गावात असंच बोलत म्हणे.

मी त्याच्यासाठी एक ठोकळा केला,
गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा, अंगठ्याएवढा.
त्यात त्याच्या दातांचे ठसे,
म्हणजे दर वेळी तो तिथेच चावेल,
सेन्सर तिथेच बसेल,
किरण त्याच वाटेने येतील.
डबीवर पेनाने लिहिलं: फुर्ताद, का.

सहा महिन्यांनी काळोखाची कड विरलेली,
पाण्यात बुडवलेल्या कागदासारखी.

वर्षाने ठोकळा सापडेना.
रांग होती, वीज जाऊन आली होती,
मी सेन्सर बोटाने धरायला लावला.
वालाचा दाणा मसुराएवढा झालेला!
त्याने जिन्यातूनच बँडच्या पोरांना फोन केला,
खाली जाऊन आमच्यासाठी पेस्ट्री घेऊन आला.

डॉक्टर पडद्याकडे बघत राहिले.
"दात लांब का दिसतोय?"
तेवढंच विचारलं.

ठोकळा निघाला कापसाच्या डब्याखाली.
पुन्हा बसवलं त्याला, पुन्हा झाकलं शिशाचं जड अंगरखं.
काळोख वालाहून थोडासाच कमी.
हाड भरलं नव्हतं,
मी जागा बदलली होती.

दिलेला आनंद परत मागणं
मला कुठल्या कोर्सात शिकवलं नव्हतं.
पेस्ट्रीचा कागद टेबलावर तसाच.
कायतान म्हणाला, बरं झालं, खरं कळलं,
पण जाताना त्याने कठड्यावर
बोटं वाजवली नाहीत.

त्या चवथीला मी माहेरी गेले, अस्नोड्याला.
दर वर्षी परत येऊन नवऱ्याला सांगते,
दादाचं आता बरं आहे, बोलतो माझ्याशी.
यंदा आठवलं,
मी कधी अंगणात उभी होते, कधी स्वयंपाकघरात,
एकदा तर माटोळीचं सामान दोघं मिळून बांधत होतो,
त्याचं तोंड दिसतच नव्हतं.
म्हणून मुद्दाम बसले पायरीवर,
वाटणीच्या दिवशी बसले होते तिथे,
तो समोर, त्याच खांबाशी.
आणि पाहिलं.

दीड वर्षाचं चित्र चुकलं,
कायतान बोटीवर वाजवायला गेला होता.
आला तो अडीच वर्षांनी, थोडा जाड, मिशी ठेवून.
ठोकळा कट्टकन बसला,
जसा कालच काढून ठेवला होता.

काळोखात रेषा आल्या होत्या.
बारीक, पांढुरक्या, एकमेकींना धरून,
मानशीच्या तोंडाशी विणलेल्या जाळ्यासारख्या.
मध्ये तिळाएवढं काही उरलेलं.
डॉक्टर म्हणाले, हे कदाचित राहीलच,
तो व्रण असेल, दुखणं नव्हे,
नक्की सांगायला अजून एक वर्ष थांबू.

यावेळी पेस्ट्री नव्हती.
त्याने पडद्यावर नख टेकवलं त्या तिळावर,
मग स्वतःच्या दातावर टकटक केलं,
कान देऊन ऐकल्यासारखं.

तो गेल्यावर ठोकळा धुतला,
पुसला, डबीत ठेवला.
नावावरची शाई पुसट झाली होती,
ती पुन्हा गिरवली.